मुक्या सोबत्याचें दुखणें आणि न कळणारा उद्यांचा दिवस

कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते भर मंडळींत उभें राहून कोणी विचारीत नाहीं. उपासना आटोपते, लोक पांगतात, आणि मग कोणीतरी हळूच जवळ येऊन ते विचारतें. विचारतांना तें माणूस आधींच थोडें हसतें. ऐकणारा हसला तर आपली फजिती होऊं नये म्हणून. "पाळकसाहेब, आमची कुत्री फार आजारी आहे. तिच्यासाठीं प्रार्थना केली तर चालेल का?" हा अशांपैकींच एक प्रश्न होय. आम्हांस तो हसण्याजोगा वाटत नाहीं. त्याच्या पोटांत चार प्रश्न आहेत. मुक्या जिवावर एवढें प्रेम करणें योग्य आहे काय? त्याच्या उपचारासाठीं पैसा खर्च करावा काय, आणि किती? त्याच्यासाठीं देवाजवळ मागावें काय? आणि तें वांचेल कीं नाहीं हें जर कोणालाच सांगतां येत नसेल, तर मधले दिवस कसे काढावे? या चारांचा विचार आपण पवित्र शास्त्राच्या उजेडांत क्रमानें करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, आमच्या जिल्ह्यांत कुत्रें ही चैनीची वस्तु नव्हे. पारनेर-संगमनेरच्या माळावर मेंढरांमागें चालणारा धनगर, नेवासें-राहुरीकडे उसाच्या कडेला वस्ती करून राहणारें कुटुंब, अकोल्याच्या डोंगरांतला गुराखी, या सर्वांच्या दारचें कुत्रें हें घरचें राखणदार असतें. अकोले तालुक्यांत बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून जो अभ्यास झाला, त्यांत असें आढळलें कीं, बिबट्याच्या खाण्यांत वजनाच्या हिशेबानें सुमारें ३९ टक्के वांटा एकट्या कुत्र्यांचा होता. म्हणजे आपल्या दारचें कुत्रें रात्रीं अंधाराकडे तोंड करून भुंकतें, तें स्वतःचा जीव धोक्यांत घालून भुंकतें. ज्यानें आपल्या झोपेची राखण केली, त्याच्या दुखण्याची चौकशी करणें हें निदान कृतज्ञतेचें काम आहे, एवढें तरी सर्वांनीं मान्य करावें.

आतां ज्या घरावरून हा लेख लिहिण्याचें मनांत आलें, त्याविषयीं थोडें सांगतों. आमच्या मंडळ्यांपैकीं एका वस्तीवर एक विधवा भगिनी राहते. मुलगा पुण्यास कामाला आहे. घरांत ती व नऊ वर्षांची तांबडी कुत्री, एवढ्या दोघीच. पावसाळ्यांत कुत्रीच्या मागच्या स्तनाशीं बोराएवढी गांठ हातास लागली. दिवाळीपर्यंत ती लिंबाएवढी झाली. गुरांच्या डॉक्टरांनीं शहरांत नेण्यास सांगितलें. तेथें छातीचा फोटो काढला; फुप्फुसांत कांहीं दिसलें नाहीं, म्हणून भूल देऊन गांठ कापून काढली व ती तपासणीस पाठविली. रिपोर्ट आला तो असा कीं, गांठ वाईट जातीची आहे. कडा स्वच्छ निघाल्या आहेत असें दिसतें. तथापि रोग पुन्हां उठणार नाहीं असें सांगतां येत नाहीं. दर तीन महिन्यांनीं दाखवीत जावें. त्या भगिनीनें आम्हांस विचारलें, "म्हणजे ती बरी झाली असें मी समजूं, कीं नाहीं झाली असें समजूं?"

टांके निघण्याच्या आधींच शेजारपाजारचे लोक तिला तीन प्रकारचे बोल ऐकवून गेले होते. एकानें म्हटलें, कुत्र्यापायीं एवढा पैसा घालणें हा खुळेपणा आहे. दुसऱ्यानें म्हटलें, घरांत कोणाचें तरी पाप असेल. तिसरा मंडळीचाच होता. त्यानें म्हटलें, विश्वास असेल तर ती खात्रीनें वांचेल. याचा उलटा अर्थ त्यानें बोलून दाखविला नाहीं. पण त्या बिचारीस तो कळल्यावांचून राहिला नाहीं, कीं कुत्री मेली तर आपला विश्वासच उणा ठरला. तिन्ही बोलांत हा तिसरा आम्हांस सर्वांत कठोर वाटतो.

दुखण्याचें स्वरूप समजलें म्हणजे दुसरा बोल आपोआप गळून पडतो. कुत्र्यांच्या मादींना होणाऱ्या गांठींमध्यें स्तनाची गांठ ही फार आढळणारी आहे. अशा गांठींपैकीं सुमारें निम्म्या साध्या व निम्म्या वाईट निघतात, आणि कोणती कोणत्या जातीची हें नुसतें हात लावून सांगतां येत नाहीं. काढलेली गांठ प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी लागते. जिची नसबंदी पहिल्या माजाच्या आधीं झाली, तिला हा रोग क्वचितच होतो. गांठ तीन सेंटिमीटरांहून लहान असतांना काढली तर आशा अधिक असते. वाढूं दिली तर तिचें बीं फुप्फुसापर्यंत पोहोंचूं शकतें. गांवांतल्या मोकाट कुत्र्यांत आणखी एक गांठ आढळते. ती संगतीनें एकापासून दुसऱ्यास लागते. परंतु आठवड्यास एक याप्रमाणें कांहीं इंजेक्शनें दिलीं असतां ती बहुधा पूर्ण बरी होते. या इंजेक्शनांतलें औषध सदाफुलीच्या झाडांतून मिळतें. हीच सदाफुली आपल्या पुष्कळ मंदिरांच्या अंगणांत उन्हाळ्यांतही फुललेली असते. माणसांच्या लेकरांच्या रक्ताच्या कर्करोगावरही हें औषध देतात. बैलांच्या शिंगाच्या कर्करोगाची ओळख तर शेतकऱ्यांस आहेच: बैल मान झटकतो, शिंग झाडाला घांसतो, त्या बाजूच्या नाकपुडींतून रक्त येतें, आणि शेवटीं शिंग कलतें. तेथेंही वेळीं शिंग कापणें हाच उपाय.

हें सर्व सांगण्याचें कारण एवढेंच कीं, यांत कोणाचें पाप शोधण्याजोगें कांहीं नाहीं. जन्मांध माणसास पाहून शिष्यांनीं हाच प्रश्न प्रभूस विचारला होता, कीं पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें. प्रभूनें दोघांचेंही नव्हे असें सांगितलें, आणि तो त्याच्या डोळ्यांच्या कामास लागला. आपणही गांठ दिसतांच पाप शोधूं नये, डॉक्टर शोधावा. आणखी एक सूचना: माणसांच्या डोकेदुखीच्या व तापाच्या गोळ्या आपल्या मनानें कुत्र्यास देऊं नयेत. त्यांपैकीं कित्येक त्याच्या पोटास व यकृतास विषासारख्या बाधतात.

आतां पहिला प्रश्न. मुक्या जिवावर प्रेम करणें ही मनाची दुर्बलता आहे काय? शास्त्रांत कुत्र्याचें नांव बहुतेक ठिकाणीं तुच्छतेनें येतें, हें खरें आहे. परंतु प्राण्यांविषयीं शास्त्राचें मन काय आहे, तें दुसऱ्या ठिकाणीं पाहावें. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला, तेव्हां त्यानें राजाचें मन कशानें हलविलें? एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीच्या गोष्टीनें. ती त्याच्या ताटांतलें खात असे, त्याच्या उराशीं निजत असे, व त्याला मुलीसारखी वाटत असे. गरिबाचें हें प्रेम वेडेपणाचें आहे असें नाथान म्हणत नाहीं, दावीदही म्हणत नाहीं. उलट त्या प्रेमाची किंमत दोघांसही कळते, म्हणूनच राजा संतापतो. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत धार्मिकाची ओळख सांगितली आहे ती ही कीं, त्याला आपल्या पशूच्या जिवाची काळजी असते. आणि योनाच्या पुस्तकाच्या अगदीं शेवटीं देव निनवेची दया कां करितो हें सांगतांना, अजाण माणसांच्या बरोबरीनें गुराढोरांचाही हिशेब धरितो.

आमच्या या भूमींतही ही गोष्ट नवी नाहीं. गोदावरीच्या पलीकडील पैठणच्या एकनाथांनीं तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाला कावडीचें पाणी पाजल्याची आठवण लोक सांगतात. नामदेव भाकरी पळविणाऱ्या कुत्र्याच्या मागें तुपाची वाटी घेऊन धांवल्याचें सांगतात. आपले वाडवडील ह्या गोष्टी ऐकत वाढले. ख्रिस्ताकडे येतांना आपण पुष्कळ सोडून आलों, पण दया ही सोडण्याची वस्तु नव्हती. ख्रिस्ती घरांतील बैलाची पाठ व कुत्र्याचें पोट पाहून शेजाऱ्यांनीं आपला धर्म ओळखावा, असें असलें पाहिजे.

दुसरा प्रश्न पैशाचा. येथें आम्ही गुळगुळीत बोलूं इच्छीत नाहीं, कारण वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं फीचे, बियाण्याचे व औषधाचे पैसे एकाच डब्यांतून निघतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचें बहुतेक काम गाईम्हशी व शेळ्यामेंढ्या यांचें. कुत्र्याची मोठी शस्त्रक्रिया व तपासणी म्हटली म्हणजे शहर गांठावें लागतें. मुंबईस परळ येथें जनावरांचें इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून आहे. तेथेंच १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. आणि २०२४ सालीं त्याच शहरांत टाटा ट्रस्टांनीं लहान प्राण्यांसाठीं मोठें रुग्णालय उघडलें. पण वस्तीवरच्या माणसास मुंबई दूर आहे, आणि मजुरी बुडते ती वेगळीच.

म्हणून आम्ही असें सांगतों. ज्याच्याजवळ आहे त्यानें खर्च केला, तर त्याला कोणी हसूं नये. ज्याच्याजवळ नाहीं त्यानें व्याजानें पैसा काढून, लेंकराची शाळा तोडून शस्त्रक्रिया करावी, असें देव मागत नाहीं. शस्त्रक्रिया न करविणें हें पाप नव्हे. दुखणें असून त्याकडे पाठ फिरविणें हें पाप होय. जखम धुणें, माशा बसूं न देणें, सांवलींत निजविणें, पातळ कण्या चारणें, वेदना कमी करणारें औषध डॉक्टरांकडून आणणें, हें गरिबालाही साधतें. परंतु "कुत्र्यापेक्षां गरिबाला द्या" असें जो म्हणतो, त्यास एक प्रश्न विचारावा: कुत्र्यावर न घातलेला तो पैसा तुम्ही गरिबाला दिला काय? बेथानीस मरियेनें मोलाचें सुगंधी तेल प्रभूच्या पायांस लाविलें, तेव्हां गरिबांचें नांव घेऊन कुरकुर करणारा कोण होता, व त्याचा हात कोणत्या थैलींत असे, हें योहानानें लिहून ठेविलें आहे. गरिबांचें नांव खरोखर घ्यावयाचें असेल तर तें देण्याच्या वेळीं घ्यावें. दुसऱ्याच्या दयेला दोष देण्याच्या वेळीं नव्हे.

तिसरा प्रश्न प्रार्थनेचा. पांच चिमण्या दोन दमड्यांना विकल्या जातात, आणि त्यांतली एकही देवाच्या स्मरणाबाहेर नाहीं, असें प्रभूनें सांगितलें आहे. जी गोष्ट देवाच्या स्मरणांत आहे, ती आपल्या प्रार्थनेंत आणावयास लाज कशाची? निनवेच्या राजानें संकटांत उपास फर्माविला, तेव्हां त्यानें गुराढोरांसही अन्नपाणी बंद करविलें व त्यांच्याही अंगावर गोणपाट घातलें. त्या नगराच्या प्रार्थनेंत जनावरें बाहेर ठेविलीं नव्हतीं. तेव्हां प्रार्थना अवश्य करावी.

मात्र प्रार्थना म्हणजे देवाशीं केलेला सौदा नव्हे. येथें एक गोष्ट नीट पाहण्याजोगी आहे. निनवेचा राजा म्हणाला कीं, देव कदाचित् कळवळेल, कोणास ठाऊक? दावीदही आपल्या आजारी लेंकरासाठीं जमिनीवर पडून राहिला तो याच विचारानें, कीं परमेश्वर कदाचित् कृपा करील, कोणास ठाऊक? दोघांच्याही तोंडीं तेंच "कोणास ठाऊक". निनवे वांचलें. दावीदाचें लेंकरूं वांचलें नाहीं. यावरून दावीदाची प्रार्थना कमी प्रतीची होती असें कोण म्हणेल? लेंकरूं गेल्यावर तो उठला, स्नान करून परमेश्वराच्या घरीं जाऊन त्याला नमला, आणि मग जेवला. प्रार्थनेचा खरेपणा दुखणेकऱ्याच्या आयुष्यावरून मोजतां येत नाहीं. जो मंडळीचा मनुष्य खात्री देऊन गेला, तो विश्वास बोलला नाहीं. जें देवानें आपल्या हातीं ठेविलें आहे, तें त्यानें आपल्या हातीं घेतलें. "कोणास ठाऊक" हे अविश्वासाचे शब्द नव्हेत. देवाला देव राहूं देऊन त्याच्याजवळ मागणाऱ्या माणसाचे ते शब्द आहेत.

आतां चौथा प्रश्न, आणि आमच्या मतें सर्वांत जड. निश्चित वाईट बातमी मनुष्य एक वेळ सोसतो. रडतो व उठतो. पण तीन महिन्यांनीं पाहूं, मग पुन्हां तीन महिन्यांनीं पाहूं, असें ज्याला सांगितलें, त्याला रडतांही येत नाहीं व हसतांही येत नाहीं. कुत्री एक वेळ जेवली नाहीं कीं काळजांत धस्स होतें. अंगणांत उडी मारून आली कीं वाटतें, रिपोर्टच खोटा. हें ओझें केवळ माणसाचें आहे. कुत्रीला रिपोर्ट वाचतां येत नाहीं. तिला काल टांके दुखले तें दुखलें. आज ऊन कोंवळें आहे, भाकरी आहे, धनीण घरांत आहे, एवढेंच तिचें जग. ह्याला आपण विश्वास म्हणूं नये; तें तिचें अज्ञान आहे, आणि अज्ञानाला सद्‌गुण म्हणणें बरें नव्हे. परंतु त्यापासून आपलें कर्तव्य मात्र कळतें. जिला उद्यां ठाऊक नाहीं, तिला आपण उद्यांचें कांहींच देऊं शकत नाहीं. तिला द्यावयाचें तें सर्व आजच द्यावें लागतें.

इस्राएल लोकांना रानांत मान्ना मिळत होता तो दिवसापुरता. ज्यांनीं उद्यांच्या भीतीनें तो सांठविला, त्यांच्या भांड्यांत किडे पडले. आमच्या भगिनीच्या प्रश्नास आम्ही हेंच उत्तर दिलें. बरी झाली असें समजूं नका, म्हणजे तपासणीस न्यावयाचें विसराल. नाहीं झाली असेंही समजूं नका, म्हणजे जिवंत असतांनाच तिचें सुतक धराल. ती आज आहे असें समजा. आजचें पाणी, आजचें औषध, अंगावरून आजचा हात. तारीख आली म्हणजे तिला घेऊन जा. त्या तारखेचें बळ त्या दिवशीं मिळेल. याकोबानें आपल्या पत्रांत व्यापाऱ्यांस सांगितलें आहे कीं, उद्यांचें तुम्हांस कळत नाहीं, प्रभूची इच्छा असेल तर जगूं असें म्हणा. हें वाक्य आपण लग्नाच्या व प्रवासाच्या बेतांस लावितों. दुखणेकऱ्याच्या उशाशीं बसून तें म्हणणें अधिक कठीण आहे, आणि अधिक खरेंही आहे.

एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाहीं. कधीं कधीं रोग पुन्हां उठतो, श्वास लागतो, वेदना औषधानेंही आंवरत नाहींत, आणि डॉक्टर म्हणतात कीं, इंजेक्शन देऊन शांतपणें शेवट करावा. ही हत्त्या आहे काय, असें लोक विचारतात. आमचें मत असें. मनुष्य देवाच्या प्रतिरूपानें निर्माण झाला. त्याचा प्राण आपल्या हातीं दिलेला नाहीं. पशूंवर मात्र देवानें माणसास अधिकार दिला, आणि अधिकार म्हणजे जबाबदारी. ज्या वेदनेला दुसरा उपाय उरला नाहीं, ती थांबविणें हें दयेचें काम होऊं शकतें. मात्र तो निर्णय आपल्या सोयीसाठीं नसावा. रात्रीं जागावें लागतें म्हणून, घाण काढावी लागते म्हणून, मुक्या जिवाला संपविणें हें दयेचें काम नव्हे. आणि आजारी कुत्र्यास पोत्यांत घालून दुसऱ्या गांवच्या शिवेवर सोडून येणें हें तर उघड पाप आहे. प्राण्यांस उपाशीतापाशी सोडून देणें हा १९६० च्या कायद्यानेंही अपराध आहे. ज्यानें आपलें दार राखलें, त्याचा शेवट आपल्या दारांत व्हावा.

मग मेल्यावर कुत्र्यांचें काय होतें, असें लेंकरें विचारतात. शास्त्र यावर स्पष्ट बोलत नाहीं, आणि जेथें शास्त्र मौन धरितें तेथें पाळकानेंही फार बोलूं नये. परंतु पौलानें रोमकरांस लिहिलें आहे कीं, सारी सृष्टि कण्हत आहे, आणि तिलाही नाशाच्या दास्यांतून सुटण्याची आशा आहे. तो मनुष्यांपुरतें बोलत नाहीं, सृष्टि म्हणतो. लेंकराला एवढें सांगावें कीं, ज्या देवानें तिला घडविलें त्याच्या हातांत ती आहे, आणि तो हात आपल्या हातापेक्षां दयाळू आहे.

शेवटीं उपदेशक बंधूंस दोन शब्द. एखाद्या घरीं असें दुखणें असेल तर "कुत्रेंच तर आहे" असें म्हणूं नका. ज्या वृद्ध बाईशीं दिवसभर बोलणारें दुसरें कोणी नाहीं, तिचें तें कुत्रेंच तर नसतें. तिच्या घरीं जा. ओट्यावर बसा. वांचेल असें वचन देऊं नका, मरेल असें भाकीत करूं नका. नांव घेऊन प्रार्थना करा. कुत्रीचें नांव घेण्यास संकोचूं नका, आदामानें देवाच्या समोर सर्व प्राण्यांस नांवें ठेविलीं होतीं. तपासणीच्या दिवशीं शहरास जाणारें वाहन मंडळींत कोणाचें असेल तर तें मिळवून द्या. आणि हें करितांना शेजारच्या घरीं माणूसही आजारी आहे काय, तें पाहून या. कारण जो हात मुक्या जिवाच्या पाठीवरून फिरावयास शिकला, त्यानें तेथेंही पोहोंचलें पाहिजे.

दयेचा देव आपल्या सर्व वस्त्यांवरील घरांस, त्यांतील माणसांस व दारांतील मुक्या जिवांस, आजच्या दिवसापुरतें बळ देवो.